कोठीतल्या सहा बरण्या

पहिला आवाज झाला तेव्हा आईंची निळी बॅग माझ्या हातात होती. तिची चेन अर्ध्यावर अडकली होती आणि मी ती जोर लावून ओढत होते. पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं, माझ्या त्या ओढण्यानेच ते झालं.

कुणी लोखंडी कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तसा आवाज. तो आतून आला, कोठीच्या खोलीतून. त्यामागोमाग काचा पडल्या, एकदम नाही, थोड्या थोड्या. मग सगळं गप्प झालं आणि त्या शांततेत काहीतरी टपटप गळत राहिलं.

पुढच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. दुपारचे साडेतीन वाजले होते. हे उभे, पाठीमागे हात बांधून. बोलायचं ठरवून आले की ह्यांना बसता येत नसे. वन्सं खुर्चीत, मांडीवर आईंच्या रिपोर्टांची फाईल. धाकटे भावोजी दाराच्या चौकटीला टेकलेले. आणि खिडकीजवळ आई, हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारख्या. बाहेर ह्यांची व्हॅन उभी होती. आईंना आम्ही न्यायला आलो होतो. चार दिवसांसाठी, असं त्यांना सांगितलं होतं. कायमचं, असं आमचं ठरलं होतं.

"गॅस!" हे ओरडले. "कुणी दिव्याच्या बटणाला हात लावू नका!"

"गॅस नाही," आई म्हणाल्या.

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. महिनाभर आम्ही तेच करत होतो.

आम्ही सगळे मधल्या बोळातून कोठीकडे धावलो. दाराला कुलूप. आणि दाराखालच्या फटीतून लाल, काळपट लाल, दाटसर असं काहीतरी बाहेर येत होतं. ते आधी फरशीच्या सांध्यातून सरळ आलं, मग पसरलं, मग भावोजींच्या बुटापर्यंत पोचलं. भावोजी रोज पहाटे बेकरीच्या भट्टीसमोर उभा राहणारा आडदांड गडी. त्यांनी पाय असा उचलला, जशी काही फरशी तापली होती.

"आत कोण आहे?" वन्संचा आवाज चिरका झाला. "आई, आत कोण होतं?"

वन्सं रक्त तपासायच्या. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं. घरात सगळे त्यांना सुई म्हणायचे, कारण लहानपणीही त्या बोलल्या की टोचायचं. त्यांनी मला पुढे सांगितलं, त्या क्षणी त्यांना काहीच सुचत नव्हतं, फक्त शिकवलेलं आठवत होतं: आधी बघा, मग बोला. त्या गुडघ्यावर बसल्या. बोट बुडवलं. दोन बोटांत चोळलं. मग नाकाशी नेलं.

"रक्त नाही," त्या म्हणाल्या.

आणि उठायच्या ऐवजी तिथेच मागे बसल्या, भिंतीला टेकून. त्या वासाला त्या ओळखत होत्या. आम्ही सगळेच ओळखत होतो. एकोणीस वर्षांपूर्वी तो वास ह्याच बोळातून, ह्याच वेळी, भिंतीला धरत धरत आत यायचा.

मधल्याचा वास. ह्यांच्या पाठच्या भावाचा.

 मी ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांच्या मानेवरची शीर तटतटली होती. मधला गेल्यापासून ह्यांनी घरात दारू हा शब्दसुद्धा येऊ दिला नव्हता. खोकल्याचं औषध आणलं तरी बाटलीवरचं वाचून घ्यायचे. एकदा माझी अत्तराची कुपी मोरीत रिकामी केली होती. मामंजी गेले तेव्हा हे एकोणीस वर्षांचे. तेव्हापासून ह्या घरात काय आत यायचं आणि काय नाही, हे ह्यांनीच ठरवलं.

आई मागून सावकाश आल्या. कमरेला खोचलेली किल्ली काढली.

"चपला घाला सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "आत काच असेल."

*

इथे मला महिनाभर मागे जायला हवं, कारण दोष आमचाही होता.

वेड लागलेल्या माणसाची जी लक्षणं आपण ऐकतो, ती सगळी आईंच्यात एकेक करून दिसत होती. त्या एकट्या राहत, वय चौऱ्याहत्तर. (आज मी त्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि मला कुणी असं तपासत बसलं तर मी काय करीन, सांगता येत नाही.) पंधरा दिवसांत त्यांनी चार वेळा साखर आणली. विचारलं तर म्हणाल्या, संपली. कोठीला कुलूप लावायला लागल्या. शेजारच्या शिंपीणबाईंनी मला गाठून सांगितलं, "तुमच्या सासूबाई दाराला कान लावून उभ्या असतात हो, बंद दाराला. मी विचारलं काय ऐकताय, तर म्हणाल्या, बोलतंय अजून."

बोलतंय अजून! मी ते ह्यांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण सांगितलं.

आणि मग हात. आईंच्या दोन्ही हातांवर, मनगटाच्या वरपर्यंत, जांभळे डाग. वन्संनी पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दुपारी त्यांनी आईंचं रक्त काढलं. आई निमूट बाही वर करून बसल्या, एवढंच म्हणाल्या, "किती घेशील गं? माझ्याजवळ मोजकंच आहे." रिपोर्ट अगदी चांगला आला. वन्संना तो खरा वाटेना. त्यांनी दुसऱ्यांदा काढलं.

तेव्हा ह्यांनी निर्णय घेतला. वन्सं ह्यांच्या बाजूला. मीही. भावोजी एकटेच म्हणत राहिले, "दादा, थोडं थांबू या. महिनाभर थांबू." का थांबायचं, ते सांगत नव्हते. आम्हाला वाटलं, नेहमीसारखे अंग चोरताहेत.

*

कुलूप उघडलं. दार अर्धंच उघडलं. मागे काहीतरी अडकत होतं. भिंतीवर छतापर्यंत लाल शिंतोडे. खालच्या फळीवर एका मोठ्या बरणीचा बुडखा तेवढा उभा, दातेरी, आणि त्याच्या शेजारी ओळीने पाच बरण्या, जशाच्या तशा. जाड काच, काचेचं झाकण, त्यावर तारेची पकड, आणि पकडीसकट सगळं वरून मेणाने बुजवलेलं.

भिंतीला कॅलेंडरची पानं उलटी करून लावली होती. त्यावर आईंच्या बारीक अक्षरात तारखा. द्राक्षं तोडली. देठ काढले. हाताने चुरली. साखर एवढी. दिवसातून दोनदा ढवळले. साल वर येते ती खाली दाबली. नववा दिवस, गाळले. परत साखर, एवढी. सहा बरण्या. बंद.

वन्सं ते वाचत होत्या. ओठ हलत होते. एकही तारीख चुकली नव्हती, एकही दिवस गाळला नव्हता.

"हात," त्या पुटपुटल्या. "द्राक्षांचे डाग होते ते. आणि मी दोनदा रक्त काढलं."

"तुला आवडतं ते काम, म्हटलं काढू दे," आई म्हणाल्या.

हे अजून उंबऱ्याबाहेर होते. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना दिसत होतं काय आहे ते. तरी विचारलं.

"वाईन," आई म्हणाल्या. मग जरा थांबून, हे तिथे उभे असताना, स्पष्ट म्हणाल्या, "दारूच म्हण. द्राक्षांची. घरी केलेली."

माझ्या हातून बॅग सुटली नाही, एवढंच. मी ती अजून छातीशी धरून उभी होते.

"कुठली द्राक्षं?" ह्यांनी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की मला ओठ बघावे लागले.

"मागची."

मागे अंगणात एकच वेल होता. मधल्याने लावलेला. तो एकदा अकरा महिने दारू सोडून कोरडा राहिला होता, त्या अकरा महिन्यांत त्याने तो लावला, तारा बांधल्या, मांडव केला. म्हणायचा, आता द्राक्षं नुसती द्राक्षं म्हणून खाणार. वेलाला फळ धरायच्या आत तो परत घसरला, आणि पुढे गेलाच. वेल एकोणीस वर्षं नुसता पानांचा राहिला. ह्यांनी तो दोनदा तोडायला काढला. दोनदा आईंनी म्हटलं, सावली पडते, राहू दे. त्या वर्षी त्याला पहिल्यांदा द्राक्षं लागली, टोपल्या भरभरून.

"त्याच्या वेलाची," हे म्हणाले. "त्याच्या वेलाची तू हे केलंस?"

आईंनी मान डोलावली.

"आणि यीस्ट? त्याला यीस्ट लागतं. एवढं मलाही ठाऊक आहे. ते कुठून आणलंस?"

 आई ज्या तऱ्हेने भावोजींकडे बघत नव्हत्या, त्यावरून आम्हा तिघांना एकदम कळलं.

"तू?" वन्सं फिरल्या. "अरे पाववाल्या, तू दिलंस?"

"मला वाटलं, पाव करणार आहे," भावोजी म्हणाले.

"तुझी बेकरी असताना ती घरी पाव करणार!"

"पहिल्या दिवशी वाटलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी नाही वाटलं."

"म्हणून महिनाभर थांबू, महिनाभर थांबू," वन्सं म्हणाल्या. "आम्ही इथे मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतोय, आणि हा आपला थांबू या!"

"तिने शपथ घातली होती गं."

"कुणाची?"

भावोजींनी खाली बघितलं. कुणाची ते सांगायची गरज नव्हती.

हे आत गेले ते थेट आईंच्या समोर. मी तीस वर्षांच्या संसारात ह्यांना आईंच्या इतक्या जवळ उभं राहून मोठ्याने बोलताना पाहिलं नव्हतं. "वेड लागलं असतं तर मी समजू शकलो असतो. खरं सांगतो. मी तयारी करून आलो होतो. पण हे शहाणपणाने केलंस तू! तारखा लिहून! ज्याने त्याला खाल्लं, ते त्याच्याच—"

तेवढ्यात दुसरी फुटली.

*

काय झालं ते मला नीट दिसलं नाही. फक्त भिंत लाल झाली आणि हे आईंच्या अंगावर पडले होते. मुद्दाम. पाठ बरण्यांकडे करून. ह्यांच्या कोटात दोन काचा रुतल्या, जाड कापड म्हणून आत गेल्या नाहीत. आईंच्या केसांतून लाल थेंब गळत होते आणि वन्सं "हलू नका, कुणी हलू नका" म्हणत होत्या.

भावोजींनी दोघांना ओढून बाहेर काढलं.

बोळात आम्ही सगळे भिंतीला चिकटून बसलो.  मग ह्यांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, कामावरच्या आवाजात,

"बंद कधी केल्यास?"

"अकरा दिवस झाले."

"सहाही एकाच दिवशी?"

"हो."

"म्हणजे उरलेल्या चारही येतील. आता नाहीतर तासाभरात."

हे बॉयलर तपासणारे होते. कारखान्या-कारखान्यांतून फिरायचे, वाफेच्या टाक्या ठोकून बघायचे, दाबाचे काटे वाचायचे. कुठल्या टाकीला वाफ सोडायची झडप नीट चालत नसली तर सगळा कारखाना बंद करून यायचे. एकदा एका मालकाने पाय धरले होते, तरी ह्यांनी आग विझवायला लावली होती.

"हे अजून उकळतंय आत, आई. गॅस सुटतोय. त्याला बाहेर जायला वाट नको? ज्या पुस्तकावरून केलंस, त्यात लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं," आई म्हणाल्या. "झाकण सैल ठेवा, नाहीतर नळी लावून तिचं टोक पाण्यात बुडवा."

"मग?"

"म्हटलं, पुस्तकवाल्याला काय कळतंय झाकणातलं."

आई सत्तावीस वर्षं जॅमच्या कारखान्यात होत्या, बरण्या बंद करायच्या विभागात. त्यांच्या हातची बरणी उघडायला दोन माणसं लागतात, असं तिथे म्हणत. सैल झाकण ही त्यांना शिवी वाटायची. पण तेवढंच कारण नव्हतं, आणि ते त्यांनी आपणहून सांगितलं, तिथेच, फरशीवर बसून.

"आणि वास," त्या म्हणाल्या. "तू रविवारी येतोस. तुला वास आला असता. म्हणून मेण लावलं वरून."

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"का?" वन्संनी विचारलं. आता त्या टोचत नव्हत्या. "आई, का केलंस हे?"

आईंनी हाताच्या डागांकडे बघितलं.

"मला माहीतच नाही गं ती कशी असते," त्या म्हणाल्या. "ह्या वयापर्यंत मी थेंब घेतलेला नाही. तुमच्या वडिलांनी नाही, आमच्याकडे कुणीच नाही. माझं पोर जिने नेलं, तिचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. एवढं काय होतं तिच्यात? आपण सगळे होतो, मी होते, गरम जेवण होतं, ते सोडून तो तिच्याकडे जायचा. बायको वाईट निघाली तर माणूस एकदा तरी बघतो ना ती कोण आहे? मला बघायची होती. दुकानातली नको होती. पहिल्यापासून, कशी होते ती, कशी मोठी होते ती."

"आणि दाराला कान लावून?" मी विचारलं. मला राहवेना.

"बोलते ती आत. बुडबुड, बुडबुड. मी ऐकायची. वाटायचं, त्यालाही असंच काहीतरी ऐकू येत असेल."

"बास," हे म्हणाले.

"नाही, बास नाही. एकोणीस वर्षं बासच आहे." आईंचा आवाज चढला नव्हता. "तो शेवटचा पिऊन आला, त्या दिवशी तू दार लावलंस. तुला वाटतं तू एकट्याने लावलंस. मी तुझ्या मागे उभी होते. मी म्हणू शकले असते, उघड. तो बाहेरून दोनदा 'आई' म्हणाला. मी ऐकलं. आणि कडी मी घातली. तू नुसतं दार लोटलंस, कडी माझ्या हातची होती."

हे मला ठाऊक नव्हतं. वन्संना नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, ते मी ह्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. एकोणीस वर्षं ह्यांनी ते दार एकट्याचं समजून पाठीवर घेतलं होतं. मी ह्यांची बायको, मला तरी कुठे कळलं होतं की हा माणूस बॉयलरच्या झडपांवर एवढा का चिडतो.

आतून बारीक आवाज आला. काचेवर नख ओढल्यासारखा.

हे उठले.

*

व्हॅनमधून त्यांनी आपली पेटी आणली. वेल्डिंगचा मुखवटा, कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे, लांब दांड्याचा चिमटा. आईंच्या पलंगावरची जाड गोधडी मीच एका हाताने ओढून आणली. पण ह्यांना देत नव्हते, तेव्हा वन्संनी माझ्या हातून ओढून घेतली आणि म्हणाल्या, "वहिनी, तो नाही गेला तर हा पाववाला जाईल आणि तोंड फोडून घेईल." भावोजी खरोखरच बाह्या सरसावत होते.

"कुणी आत यायचं नाही," हे म्हणाले. "आई, रबराची जीभ कुठल्या बाजूला आहे?"

प्रत्येक बरणीच्या झाकणाखाली रबराचं कडं असतं. त्याला एक छोटी जीभ बाहेर राहते, ती ओढली की हवा सुटते. ती जीभ मेणाखाली गाडली गेली होती.

"पकडीच्या उजवीकडे. चारही. मी सगळ्या सारख्याच बसवते."

"नक्की?"

"सत्तावीस वर्षं बसवल्या आहेत."

आई दारात बसून सांगत होत्या आणि हे आत गोधडीखाली हात घालून, न बघता, चाचपत होते. मेण खरवडल्याचा आवाज. मग थांबले. मग बराच वेळ काही नाही. वन्संनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर तिथे खराच काळा डाग पडला.

फुस्स... असा लांब, खोल आवाज आला. कुणीतरी फार दिवस रोखून धरलेला श्वास सोडावा तसा. गोधडी फुगली आणि हळूहळू बसली.

"एक," हे आतून म्हणाले.

दुसरीला जास्त वेळ लागला. तिसरीच्या वेळी गोधडीतून लाल फेस वर आला आणि भावोजींनी "दादा!" म्हणून हाक मारली. हे ओरडले, "ओरडू नकोस, हात हलतो!" चौथीची जीभ तुटली. तेव्हा हे चिमटा टाकून दोन्ही हातांनी पकड धरून इंच इंच उचलत होते, आणि आई म्हणत होत्या, "डावीकडून, डावीकडून सोड, उजवीकडे ताण असतो, हां, आता, आता."

फुस्स.

हे बाहेर आले. मुखवटा काढला. चेहरा घामाने निथळत होता. आमच्यापैकी कुणाशीही न बोलता ते मोरीजवळ गेले, पेटीतून नळीचं भेंडोळं काढलं, चार तुकडे केले. भावोजींना म्हणाले, "बुचं आण. भोकं पाडलेली. आणि चार पेले, पाण्याचे." तासाभराने फळीवर चार बरण्या पुन्हा उभ्या होत्या. प्रत्येकीतून एक नळी निघून पाण्याच्या पेल्यात बुडलेली. पाण्यातून बुडबुडे यायला लागले. एकेक. सावकाश.

खोलीभर तो वास होता. खिडकी कुणी उघडली नाही.

*

आई तोवर साडी बदलून, केस पुसून आल्या होत्या. पायात बाहेरच्या चपला.

"चल," त्या ह्यांना म्हणाल्या. "बॅग भरलेली दिसते. सूनबाईंनी माझी थंडीची शालही तिच्यात घातलीय, मी पाहिलं. चार दिवसांसाठी कुणी थंडीची शाल घेत नाही. भांडत नाही मी. दोन बरण्या तोंडावर फुटल्यावर काय तोंडाने भांडू? तुझ्याकडे येते आणि राहते. फक्त एक चमचा बघू दे."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

ह्यांनी काही म्हणायच्या आत भावोजींनी एका बरणीतून वाटीभर काढलं. गढूळ, लालसर, वर फेस. आईंनी चमचा घेतला. लहान मुलाचं औषध मोजावं तसा भरला. आम्ही चौघे बघत होतो. वन्सं हळूच म्हणाल्या, "आई, नाही घेतलंस तरी चालेल." आईंनी तो तोंडात घातला.

काही क्षण त्यांनी तो जिभेवरच ठेवला. मग गिळला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग जे आलं ते मी अजून विसरले नाही. राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्या मोठ्या माणसाचं नाव ऐकून भेटायला जावं आणि दार उघडणारा तोच निघावा, कुणीतरी किरकोळ, बनियन घातलेला, तसं.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी रिकाम्या चमच्याकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी?" त्यांनी विचारलं. आम्हाला नाही. "एवढ्यासाठी गेलास?"

वन्सं तोंड फिरवून रडायला लागल्या. भावोजी वाटीकडे बघत होते, जशी काही ती त्यांचीच चूक होती.

हे पुढे झाले. आईंच्या हातातला चमचा काढून घेतला. मला वाटलं, फेकणार. ह्यांनी तो वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. ह्यांनी. माझ्या अत्तराची कुपी मोरीत ओतणाऱ्या माणसाने. मी "अहो" म्हटलं, पण आवाज निघाला नाही.

तोंड वाकडं झालं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. मग भावोजींकडे वळून विचारलं,

"ही झाली का?"

"छे. कच्ची आहे," भावोजी म्हणाले. "अजून चार महिने तरी. मग निवळेल. मग कळेल."

ह्यांनी चमचा वाटीत ठेवला. आईंच्या समोर खाली, फरशीवर बसले. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मधल्याचं नाव घेतलं. पूर्ण नाही, घरचं, लहानपणचं, जे फक्त हे आणि तो एकमेकांत वापरायचे. ते ऐकून आईंनी दचकून वर पाहिलं.

"त्याचा निकाल कच्चीवर नको लावूस, आई," हे म्हणाले. "चार महिन्यांनी चाख. काय होतं तिच्यात, ते तेव्हा बघू. मीही येतो."

"तोवर ह्या बरण्या?"

"इथून हलवायच्या नाहीत. गढूळ होतील."

"मग बघणार कोण त्यांच्याकडे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात बॅग अजून तशीच होती, साडेतीनपासून.

"चपला काढ, आई," हे म्हणाले. "पाणी रोज बदलायचं पेल्यांतलं. आणि झाकणाला हात लावायचा नाही."

आईंनी चपला काढल्या. मी बॅग खाली ठेवली आणि ती चेन, जी अर्ध्यावर अडकली होती, मागच्या बाजूला ओढली. ती सहज उघडली.